बेचाळिसावं नाव

"एक्केचाळीसपैकी एक्केचाळीस," सर म्हणाले. "मॅडम, आता तरी हसा की जरा."

मी हसले नाही. तक्ता मीच तयार केला होता. बेरीज तीनदा तपासली होती. बेरीज बरोबर होती आणि म्हणूनच मला तक्ता खरा वाटत नव्हता. अठरा वर्षं मी औषधशास्त्र शिकवते. तापाची साधी गोळीसुद्धा सगळ्यांना सारखी लागू पडत नाही.

"सर, एकही माणूस बरा व्हायचा राहिला नाही, असं कसं होईल?"

"औषध चांगलं असलं की होतं."

"अर्धवट सोडलेला एकही नाही. वारलेला एकही नाही. ऊसतोडीला निघून गेला म्हणून सापडला नाही, असासुद्धा एकही नाही. आपल्या बीड जिल्ह्यात?"

सर मोठ्यानं हसले. "तुमचं म्हणजे असं आहे, लग्नात पंगत चांगली उठली तरी तुम्ही आचाऱ्याला विचारणार, मीठ किती ग्रॅम टाकलं."

सर आमचे विभागप्रमुख. बीडमधल्या एका खाजगी फार्मसी कॉलेजात आम्ही नोकरी करतो. गावोगावचे जाणते लोक जखमेवर जो झाडपाला लावतात, त्याला खरंच गुण आहे का, हे तपासण्याचा प्रकल्प कॉलेजला मिळाला होता. आम्ही निवडला दगडीपाला. बांधावर, रस्त्याच्या कडेला, शाळेच्या मैदानात कुठंही उगवतो. एका दांडीवर छोटं पिवळं-पांढरं फूल असतं. गुडघा फुटला की तो चोळून लावतात, हे आमच्याकडच्या प्रत्येक पोराला माहीत असतं.

प्रकल्पाचे दोन भाग होते. पहिला प्रयोगशाळेतला. उंदरांच्या पाठीवर ठरावीक मापाची जखम करायची. अर्ध्या उंदरांना पाल्याचा अर्क, अर्ध्यांना नुसतं मलम. दर दोन दिवसांनी जखमेवर पारदर्शक कागद ठेवून तिची कड पेनानं काढायची, मग तो कागद आलेखाच्या कागदावर ठेवून चौकोन मोजायचे. जखम किती आकसली ते असं कळतं. चौकोन मी मोजत असे. पाला लावलेल्या उंदरांची जखम दोन-तीन दिवस आधी भरत होती. चमत्कार नव्हता, पण फरक खरा होता. मला त्या कामात समाधान होतं.

दुसरा भाग माणसांचा. उमापूरहून चकलांब्याकडं जाताना एक वस्ती लागते. तिथले एक म्हातारे शेतकरी जखमेवर दगडीपाला बांधतात. सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांच्याकडं लांबून माणसं येतात, त्यात पायाच्या जखमेची शुगरवालीही असतात. त्यांच्याकडच्या रुग्णांचं पुढं काय झालं, हे आम्हाला नोंदवायचं होतं. मामांची ओळख करून दिली ती आमच्या लॅब अटेंडंट भागवतरावांनी. ते उमापूरचे. वय पन्नाशीच्या आसपास. उंदरांचं खाणंपिणं, पिंजऱ्यांची सफाई तेच बघत. आठवडाभर बीडला खोली घेऊन राहत आणि शनिवारी गावी जात.

मी फॉर्म तयार केला होता. त्यात स्पष्ट लिहिलं होतं : गेल्या वर्षभरात उपचार घेतलेल्या सर्व रुग्णांची यादी. सर दोन दिवस वस्तीवर जाऊन आले आणि एक्केचाळीस नावं आणली. गावागावांतून नंबर मिळवून त्या सगळ्यांना त्यांनी फोन केले. सगळ्यांनी सांगितलं, बरे झालो. शहाण्णव सालची मी पदवीधर, मला इतकं तरी कळायला हवं होतं की यादी कशी केली ते आधी विचारावं. मी विचारलं, पण हळू आवाजात.

"सर, ही यादी मामांनी कशावरून दिली?"

"वैद्याकडं नोंद असते ना. लिहिलेली नोंद आहे, मी डोळ्यांनी पाहिली."

लिहिलेली नोंद म्हटल्यावर मी पुढं काही विचारलं नाही. तक्त्याच्या खाली बारीक अक्षरात टीप घातली : यादीच्या निवडीची खातरजमा बाकी. मनाला वाटलं, आपलं काम झालं.

पंधरा दिवसांनी कॉलेजात कार्यक्रम झाला. संस्थेचे साहेब आले, एक पुढारी आले. सरांनी पडद्यावर तक्ता दाखवला. टीप पडद्यावर मावत नव्हती. दुसऱ्या दिवशी एका स्थानिक पेपरात बातमी आली : शुगरच्या जखमांवर दगडीपाला शंभर टक्के गुणकारी, बीडच्या महाविद्यालयाचे संशोधन. खाली सरांचं नाव आणि माझं नाव. माझ्या यजमानांनी ती बातमी सगळ्या नातेवाइकांना पाठवली. नेकनूरच्या दुकानात माझ्या भावानं कात्रण गल्ल्यामागं चिकटवलं. खोटं कशाला सांगू, मलाही बरं वाटलं. अठरा वर्षांत पेपरात नाव पहिल्यांदा आलं होतं. टीप गळाली होती हे मला सकाळी चहा पितानाच दिसलं होतं. मी सरांना तसं म्हणाले. ते म्हणाले, "पेपरवाले टीप छापतात का कधी?"

त्यानंतर महिन्याभरानं मी स्वतः वस्तीवर गेले. अंतिम अहवालासाठी दुसरी भेट हवी होती आणि सरांना वेळ नव्हता. बसनं उमापूर, तिथून रिक्षा. मामा बाभळीखाली बसून दोरखंड वळत होते. सत्तरी ओलांडलेले, कानानं तीक्ष्ण.

"या बाई. एकल्याच आलात? ते तुमचे जाड साहेब कावून न्हाई आले?"

"त्यांना काम आहे मामा. मला तुमची नोंदवही बघायची होती."

"वही?" मामा हसले. "मला कुठं लिव्हता येतंय बाई. चला, दावतो."

त्यांनी मला विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीकडं नेलं. खोलीशेजारी शेंदूर फासलेला म्हसोबा. खोलीच्या चुन्याच्या भिंतीवर गेरूनं नावं लिहिलेली होती. नाव, गाव. एकाखाली एक. वेगवेगळ्या हातांची अक्षरं.

"आमच्यात पैका घेत न्हाईत," मामांनी सांगितलं. "गुण आला तर म्हसोबाला नारळ फोडायचा, अन् ज्यानं फोडला त्यानं भिंतीवर नाव लिव्हायचं. लिव्हता येत नसलं तर पोराला लिव्हाय लावायचं."

मी भिंतीकडं बघत उभी राहिले. सरांची लिहिलेली नोंद ती हीच होती.

"मामा, ज्यांना गुण आला नाही, त्यांची नावं?"

"त्ये कशाला नारळ फोडतील बाई?" मामांना माझ्या अकलेची कीव आली असावी. "त्ये येतच न्हाईत परत."

एवढंच होतं. आम्ही परीक्षेचा निकाल पास झालेल्यांच्या सत्काराला जाऊन मोजला होता. मामांनी काहीच लपवलं नव्हतं. सरांनी विचारलं असतं तर त्यांनाही मामांनी हेच सांगितलं असतं. आणि मी सरांना नीट विचारलं असतं तर मला महिन्याआधी कळलं असतं.

मी नावं मोजली. सवय. बेचाळीस भरली. शेवटचं नाव ताजं, ठळक गेरूत : कुशावर्ता भागवत, उमापूर.

"ही कोण मामा?"

"तुमच्या कालेजातल्या भागवतची मंडळी की. टाचेला जखम व्हती. मागल्या सोमवारी नारळ फोडला. खपली लई झ्याक धरली बघा."

"खपली पडली की नारळ फोडतात ना?"

"न्हाई, न्हाई. खपली धरली की फोडायचा. पडायला काय, पडतीच की ती."

मी वहीत लिहून घेतलं : नारळ खपली धरल्यावर. मग मला थोडी भीती वाटली. भागवतरावांच्या मंडळींना शुगर आहे आणि गेवराईच्या दवाखान्यात त्यांच्या पायाचं ड्रेसिंग चालू आहे, हे ते मागं लॅबमध्ये बोलले होते. शुगर असलेल्या माणसाच्या पायाची जाणीव कमी झालेली असते. खडा रुतला तरी कळत नाही. अशा जखमेवर वरून कोरडी खपली येते आणि आत पू साठतो. डॉक्टर अशी खपली काढून आत साफ करतात. पाल्याचा रस खपली धरायला मदत करतो, हे तर आम्हीच उंदरांवर दाखवलं होतं.

उमापूरला परतताना मी भागवतरावांच्या घरी गेले. शनिवार होता, ते घरी होते. वहिनी चुलीपुढं होत्या. मला बघून लगबगीनं उठल्या, चहा टाकला. चालताना अजिबात लंगडत नव्हत्या. घरात एक गोडसर वास होता. मला तो ओळखता आला, कारण पिंजऱ्यातल्या एखाद्या उंदराची जखम बिघडली की तसाच येतो. भागवतरावांनाही तो ओळखता यायला हवा होता, पण आपल्या घरातला वास आपल्याला येत नाही.

"वहिनी, पाय बघू द्या बरं."

"बरा झालाय की मॅडम. काय बी दुखत न्हाई. नारळ बी फोडला."

त्यांनी पाय पुढं केला. टाचेवर रुपयाएवढी काळी, कडक खपली. भोवतीची कातडी घोट्यापर्यंत लाल. हात लावला तर तापलेली.

"गेवराईचं ड्रेसिंग कधी बंद केलं?"

वहिनींनी नवऱ्याकडं पाहिलं. भागवतराव म्हणाले, "महिना झाला. दिवसाआड बसनं जायाचं, लाईनीत बसायचं, आख्खा दिवस मोडतो. डाक्टर म्हनायचे, चार महिने लागतील. मग म्हनलं, मामा हाईतच."

"मला का नाही विचारलं? रोज लॅबमध्ये समोर असता."

ते उठले. देव्हाऱ्यातून घडी केलेलं कात्रण आणलं. "विचारायचं काय मॅडम? तुमीच तर लिव्हलंय ह्याच्यात. सरांचं नाव नुसतं असतं तर मी म्हनलो असतो, जाऊ द्या, साहेब बोलतेत. पर तुमचं नाव हाय. तुमी चौकोन बी दोन-दोनदा मोजता."

मी सांगितलं, आज, आत्ता दवाखान्यात चला. त्यांनी पायाकडं पाहिलं, बायकोकडं पाहिलं. वहिनी म्हणाल्या, "दुखत न्हाई तर कशाला? उद्या नणंदेच्या पोरीची सुपारी हाय." भागवतराव म्हणाले, "सोमवारी आनतो मॅडम. नक्की." माझी शेवटची बस पाचची होती. मी अजून अर्धा तास भांडले आणि मग बस पकडली. बसमध्ये हिशेब केला, सोमवार म्हणजे दोन दिवस. चालेल, असं स्वतःला सांगितलं.

ते गुरुवारी आले. वहिनींना थंडी वाजून ताप भरला होता. बीडच्या दवाखान्यातून त्यांना मोठ्या शहरात पाठवलं. तिथं खपली काढली तेव्हा हाडापर्यंत पू होता. आधी टाचेचा सडलेला भाग काढला. आठ दिवसांनी गुडघ्याखाली पाय काढला.

मी भेटायला गेले तेव्हा भागवतराव वॉर्डाबाहेर फरशीवर बसले होते. त्यांनी विचारलं, "मॅडम, आपल्या उंदरांना शुगर होती का?"

"नव्हती."

"एकाला बी?"

"एकालाही नाही. निरोगी उंदीर होते."

"मंग?"

एवढंच. अख्ख्या प्रकल्पाला विचारण्यासारखा तो सगळ्यात चांगला प्रश्न होता. तो विचारणारा माणूस बारावी नापास होता आणि सर आणि मी, दोघंही डॉक्टरेटवाले होतो.

त्यानंतर मी ते केलं जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं. पुन्हा वस्तीवर गेले आणि मामांना सगळं सांगितलं. त्यांनी मान खाली घातली. उठून मोटारीच्या खोलीकडं गेले, हातात विळा घेतला आणि शेवटचं नाव खरवडून काढलं. मग म्हणाले, "लिव्हा बाई. कोण कोण आलतं ते मी सांगतो. नाव आठवंना तर घर सांगतो." तासाभरात त्यांनी भिंतीवर नसलेले एकतीस लोक सांगितले. कोण कुणाचा साडू, कुणाची जखम उजव्या पायाला, सगळं तोंडपाठ.

तीन रविवार यजमानांना घेऊन स्कूटरवर हिंडले. ते कुरकुरले, पण आले. "बातमी मी वाटली, आता धूळबी मीच खातो," म्हणाले. एकतीसपैकी सव्वीस सापडले. त्यातले नऊ बरे झाले होते, पण त्यांनी नारळ फोडला नव्हता. एकानं कंटाळा केला. एक मुसलमान म्हातारे म्हणाले, "बेटी, हम नारियल नहीं फोडते, दुआ दिया मामा को." अकरा जण मधेच सोडून दवाखान्यात गेले होते. चौघांचं बोट किंवा पाऊल गेलं होतं. दोघं वारले होते. कशानं, ते घरच्यांना नक्की सांगता आलं नाही, म्हणून मी "माहीत नाही" असंच लिहिलं. भिंतीवरच्या एक्केचाळिसांनाही पुन्हा गाठलं. सात जणांची जखम खपलीखाली पुन्हा चिघळली होती. फोनवर त्यांनी बरे झालो असं सांगितलं ते खोटं नव्हतं. त्या दिवशी ते बरेच होते. बरे झालेल्यांत बहुतेक साध्या जखमांचे होते. विळा लागलेला, काटा रुतलेला. शुगरवाले थोडे, आणि बिघडलेल्यांत मात्र तेच जास्त.

म्हणजे दगडीपाला खोटा नाही. साध्या, स्वच्छ, उथळ जखमेला तो बरा आहे. शुगरच्या पायाला तो धोका आहे, कारण तो वरून झाकतो. एवढं वाक्य जरी त्या बातमीत असतं तरी पुरलं असतं.

नवा तक्ता मी सरांसमोर ठेवला.

त्यांनी तो नीट वाचला, एवढं म्हणायला हवं. मग चष्मा काढला. "मॅडम, हे प्रकल्पात नव्हतं. मंजूर आराखड्यात वैद्याच्या नोंदीतले रुग्ण असं आहे. वैद्याची नोंद म्हणजे भिंत. आपण आराखड्याप्रमाणंच केलंय."

"सर, भागवतरावांच्या मंडळींचा पाय गेलाय."

"त्याचं मला वाईट वाटत नाही असं नाही. पण आपण कुठं सांगितलं दवाखाना सोडा म्हणून? पेपरवाल्यांनी वाढवून लिहिलं."

"मग पेपरला खुलासा पाठवू."

"खुलासा केला की पुढचा प्रकल्प गेला. साहेबांना काय सांगू? तीन कंत्राटी मुलींच्या नोकऱ्या त्याच्यावर आहेत. तुमची पक्की आहे, तुम्हाला बोलायला काय जातंय?"

शेवटचं वाक्य खरं होतं. म्हणून ते जास्त लागलं.

मी जुन्या तक्त्यावर सही करणार नाही म्हणाले. सर म्हणाले, ठीक आहे. दुसऱ्या एका सहकाऱ्याची सही घेतली. अहवाल एक्केचाळीसपैकी एक्केचाळीस असाच गेला आणि मंजूर झाला. माझं नाव आभाराच्या यादीत, सहाव्या ओळीत. पेपरला मी स्वतःच्या नावानं पत्र लिहिलं. दीड महिन्यानं आतल्या पानावर, शेतमालाच्या भावाखाली, चार ओळी छापून आल्या. त्यात माझं आडनाव चुकलं होतं. नेकनूरच्या भावानं ते कात्रण चिकटवलं नाही. मी सांगितलं तेव्हा त्यानं जुनं काढलं, पण नाराजीनं. मामा आता शुगरवाल्याला हात लावत नाहीत. आधी विचारतात आणि सरळ गेवराईची बस दाखवतात. काही लोक त्यांना कात्रण दाखवून भांडतात. "कालेज म्हनतंय चालतंय, तुमी कावून न्हाई म्हनता?" मामा म्हणतात, "मंग कालेजात जा."

संशोधनात खोटं लिहावं लागतं असं नाही. आम्ही एकही आकडा खोटा लिहिला नव्हता. काही जणांना विचारलंच नाही, एवढ्यानं भागतं. आता कुठलीही यादी हातात आली की मी आधी विचारते, या यादीत कोण येऊच शकत नव्हतं. माझ्या हाताखालच्या मुलींना याचा वैताग येतो.

कुशावर्ता वहिनींचा दुसरा पाय सध्या ठीक आहे. दर सोमवारी त्यांना तपासायला न्यावं लागतं. भागवतराव रजेचा अर्ज माझ्या टेबलावर ठेवतात, पेन पुढं करतात, आणि मी सही करेपर्यंत खिडकीबाहेर बघत उभे राहतात.